अकरा महिने म्हणजे अकराच महिने

परवा आमच्याकडं एक बाई खोल्या बघायला आल्या. नर्स आहेत, बदली होऊन गावात आलेल्या. सोबत चौथीतली मुलगी. मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देतो. खोल्या त्यांना पसंत पडल्या, भाड्यातही घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, "करार तीन वर्षांचा करू या का? हिची शाळा मध्येच सुटायला नको." तेवढ्यात आई आतून आली आणि म्हणाली, "अकरा महिने. पुढचं पुढं बघू."

बाई "कळवते" म्हणून गेल्या. मला आईचा राग आला. पण रात्री विचार केला, तर त्या अकरा महिन्यांमागं शंभर वर्षांचा इतिहास दिसायला लागला. म्हणून हे लिहितोय, थोडं लांबेल.

भाड्यावर सरकारी लगाम आला तो पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मुंबईत. युद्धामुळं बांधकाम थांबलेलं, माणसं येतच होती, मालक वाटेल ते भाडं मागत होते. तेव्हा कायदा हवाच होता. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच गत झाली. मग १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याची मेख एका तारखेत होती: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचं जे भाडं होतं तेच 'स्टँडर्ड रेंट'. कायदा तात्पुरता होता, पण मुदत संपत आली की सरकार ती वाढवायचं. भाडेकरूंची मतं जास्त, मालकांची कमी. हे गणित सगळ्या पक्षांना येत होतं.

हा कायदा फक्त मुंबई-पुण्याचा नव्हता, आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांनाही लागू झाला. विदर्भात आणि मराठवाड्यात त्यांचे वेगळे कायदे होते.

आमच्या आजोबांचा पेठेत वाडा होता. वाडा म्हटलं की लोकांना सरदार आठवतात. आजोबा किराणा दुकानात दिवाणजी होते. पै-पै जमवून घेतलेला माळवदाचा वाडा, त्यात तीन भाडेकरू. त्यातल्या एका बिऱ्हाडाचं भाडं वीस रुपये. मी कॉलेजात गेलो तेव्हाही वीसच. माळवद गळायला लागलं की तिन्ही बिऱ्हाडं आजोबांकडं यायची, कारण दुरुस्ती मालकानं करायची असं कायदा सांगतो. वीस रुपयांत गवंड्याचा चहा व्हायचा. मुंबई बेटावरच्या जुन्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळ आलं, तिथं उपकर गोळा व्हायचा. गावातल्या वाड्यांना असलं काही नव्हतं. आजोबांनी माळवदावर पत्रे टाकले, मग तेही थांबवलं. पुढं पुढं भाडंच घेईनात. मग भाडेकरू मनीऑर्डर करायचा, आजोबा ती परत पाठवायचे. थकबाकी दाखवता येईल असं त्यांना वाटायचं. प्रामाणिक माणूस, पण कायद्यानं त्यांना हे शिकवलं.

भाडेकरूही काही संत नव्हता. त्यानं कॉलनीत स्वतःचं घर बांधलं आणि आमच्या खोल्यांना कुलूप लावून ठेवलं. दावा चौदा वर्षं चालला. निकाल लागला तेव्हा आजोबा नव्हते आणि मागची भिंतही नव्हती.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्याच घरात आहे. आईचं माहेर पुण्याचं. तिचे वडील छापखान्यात कंपोझिटर, वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, भाडं नऊ रुपये. त्या नऊ रुपयांच्या जोरावर चार मुलं शिकली, आई त्यातलीच. बाजारभावानं भाडं द्यावं लागलं असतं तर ती शिकली नसती, हे ती स्वतः सांगते. मालकानं नळ तोडला, जिना दुरुस्त केला नाही, तेही सांगते. म्हणजे भाडेकरूच्या घरात वाढलेली आई आज अकरा महिने म्हणते!

तिची खरी भीती १९७३ ची आहे. तोपर्यंत काही मालक भाडेकरू न म्हणता 'लायसन्स'वर जागा देत. कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे असे राहत होते ते भाडेकरू ठरले. एका रात्रीत. तेव्हापासून मालकांच्या मनात पक्कं बसलं की कागदावर काहीही लिहा, सरकार उद्या ते फिरवू शकतं. लोकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपं घातली, पण भाड्यानं दिल्या नाहीत.

डिसेंबर १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९४० ला गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाडेकरूंना पाच टक्के एकदा आणि पुढं वर्षाला चार टक्के वाढ. वीसाचे एकवीस झाले, आणि पहिली वार्षिक वाढ चौऱ्याऐंशी पैसे. पंचवीस वर्षं चक्रवाढीनं धरलं तरी छप्पन रुपये होतात.

पण लिव्ह अँड लायसन्सचं चित्र मात्र बदललं. तिथं भाडं आपसांत ठरवायचं, आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, दुप्पट भरपाई मागता येते. हा करार तीन वर्षांचाही होतो, पाच वर्षांचाही.

मग अकराच महिने का? नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती चुकवायला अकरा महिन्यांची शक्कल निघाली. महाराष्ट्रात २००० पासून तिला अर्थ उरलेला नाही. कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, नोंदणी करायचीच, आणि ती जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अटी काय ठरल्या होत्या यावर वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोटरीचा कागद घेऊन निर्धास्त बसलेले मालक मी गावात रोज बघतो.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझे आजोबा पण कागद दाखवायचे." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "विचार त्या बाईंना. तीन वर्षं म्हणावं."

फोन केला. त्यांना स्टँडच्या मागं दोन खोल्या मिळाल्या होत्या. करार अकरा महिन्यांचा, नोटरीकडं केलेला. मुलीचं नाव त्यांनी अजून शाळेत घातलं नव्हतं. म्हणाल्या, "आधी बघते, हे लोक राहू देतात का."