विजयदुर्गच्या तटावरचे खळगे

आपल्या सोसायटीची विजयदुर्गची सहल बऱ्याच जणांना आठवत असेल. पहाटे पोचणारी बस उन्हं चढल्यावर पोचली, तो भाग सोडून देऊ. बाहेरच्या तटाशी मी मुलांना तोफगोळ्यांचे खळगे दाखवत होतो. जांभा मुळातच भोकाभोकांचा, त्यामुळे दिसेल तो खळगा गोळ्याचाच असं समजू नये. पण काही जागी चिरा असा आत बसलाय की शंका राहत नाही. "हे इंग्रजांनी केलं," मी म्हणालो. बी विंगमधल्या चिमुरडीने विचारलं, "आजोबा, पण इंग्रजांना बोलावलं कोणी?" "चला, उशीर होतोय," म्हणून मी वेळ मारून नेली. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, उत्तर इथेच देऊन टाकू.

बोलावलं आपल्या पुण्याने.

कान्होजी आंग्रे असताना इंग्रज १७१७ साली आणि डच १७२४ साली या किल्ल्यावर चालून आले नि हात हलवत परत गेले. पुढे तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेना. तोही काही साधा गृहस्थ नव्हता, आपल्याच मुलखालाही त्याचा उपद्रव होता. पण नानासाहेब पेशव्यांनी त्यावर उपाय काढला तो मुंबईकर इंग्रजांशी करार करण्याचा. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार वाघोटनच्या खाडीत शिरलं. जमिनीवरच्या इंग्रजी फौजेचा सेनापती होता रॉबर्ट क्लाइव्ह. हो, तोच, पुढच्या वर्षी प्लासी जिंकणारा.

तुळाजी तेव्हा बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेला. तिथेच तो अडकला, पुढे कैदेतच त्याची अखेर झाली. इकडे १२ तारखेला एक गोळा त्याच्या आरमारातल्या जहाजावर पडला. गंमत म्हणजे ते जहाज मूळचं इंग्रज कंपनीचंच, तुळाजीने पकडलेलं. गलबतं एकमेकांना बांधलेली होती, त्यामुळे आग पसरत गेली आणि अख्खं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. क्लाइव्हने आधीच आपली माणसं उतरवून पेशव्यांच्या फौजेची वाट अडवली होती. निशाण लागलं ते इंग्रजांचं. किल्ला परत मिळवायला ऑक्टोबर उजाडला, तोही बाणकोट इंग्रजांना देऊन.

नंतर आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचं आरमार सांभाळलं, नाव राखलं. पण त्या फेब्रुवारीत जे जळालं ते आपल्याच माणसांचं होतं, आणि जाळायला आपणच संमती दिली होती. शाळेत आम्हाला हा भाग दोन ओळींत उरकून शिकवला. मीही मुलांना तसाच उरकून सांगत होतो.

ती चिमुरडी आता कॉलेजात जाते. पुढची विजयदुर्गची सहल शनिवारवाडा दाखवूनच काढावी, असं मी कमिटीला सुचवलंय. बस वेळेवर आली तर.