खुराड्यातली ऊब, खुराड्यातला उजेड

जानेवारीतल्या रात्री चाकणहून खेडच्या बाजूला निघालो, तर आपल्याला दोन तऱ्हेचे उजेड दिसतात. एक रात्रपाळीच्या कारखान्यांचा, पांढरा आणि दूरवर पसरलेला. दुसरा शेताच्या कडेला, पडद्यांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. तो पोल्ट्रीचा. आत पाऊल टाकले की आधी भाताच्या तुसाचा वास येतो आणि मागोमाग अंगावर ऊब येते. पत्र्याच्या गोल रिंगणात तूस, तुसावर वर्तमानपत्रे, त्यांवर एका दिवसाची शेकडो पिल्ले आणि वर टांगलेले बल्ब. भिंतीवर थर्मामीटर असतो. पण शेडवाला त्याच्याआधी पिल्लांकडे पाहतो. ती बल्बखाली गोळा झाली असतील तर थंडी आहे, पत्र्याला चिकटून धापा टाकत असतील तर गरमी जास्त झाली आहे, आणि रिंगणभर विखरून टिपत असतील तर सगळे ठीक आहे. या रिंगणापर्यंत ऊब आणि उजेड कसकसे पोचले, ते पाहण्यासाठी आपल्याला बरेच मागे जावे लागते.

सुरुवात अर्थातच खुडूक कोंबडीपासून. घरातल्या बायका डालग्यात भुसा घालून, अंडी मांडून तिला बसवत. एकवीस दिवस ती उठली तर दाणापाण्यापुरती. पोटाखालची पिसे विरळ होऊन उघडी पडलेली तिची कातडी थेट अंड्यांना टेकते. तिच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सियस. पिल्ले निघाल्यावरही तीच कातडी त्यांचे छप्पर होते, कारण कोवळी लव थंडी अडवू शकत नाही. पिसे फुटेपर्यंत तीन-चार आठवडे बाहेरची ऊब लागतेच. आपण एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू. पंखाखाली ऊब असते आणि अंधारही असतो. निसर्गाने ऊब आणि उजेड या दोन गोष्टी एकत्र बांधल्या नव्हत्या. त्या बांधल्या माणसाने, आगीच्या सोयीसाठी.

कोंबडीवाचून अंडी उबवण्याची खटपट फार जुनी. इजिप्तमध्ये उकिरड्याच्या उष्णतेत अंडी उबवतात, हे ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात नोंदवून ठेवले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ साली या विषयावर ग्रंथच लिहिला. घोड्याच्या लिदीच्या उष्णतेवर त्याने अंडी उबवली आणि निघालेल्या पिल्लांसाठी आतून लोकरी कातडे लावलेली पेटी केली. तिला त्याने कृत्रिम आई म्हटले. मला हा माणूस या सगळ्या वंशावळीत सर्वांत जवळचा वाटतो. पिल्लाला नुसती उष्णता नको, पाठीला काहीतरी मऊ टेकलेलेही हवे, हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडे मधली पायरी म्हणजे कंदील. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली ओगले काच कारखाना उभा राहिला आणि तिथून पुढे निघालेला ‘प्रभाकर’ कंदील मराठी घराघरांत पोचला. प्रभाकर असो वा दुसरा कुठला, मधोमध पेटता कंदील, त्यावर पत्र्याचे छत्र आणि भोवती पिल्ले, इतके साधे ते ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे साधन. वीज नसलेल्या गावाला ते परवडे. पण ज्योतीबरोबर धूर आला, आगीची धास्ती आली आणि पिल्लांच्या रात्रीत पहिल्यांदाच उजेड आला.

आता या उबेचे गणित पाहू. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला लागते ३५ अंश. अशा रात्रीतली ही तफावत भरून काढणे, एवढेच या धंद्याचे हिवाळ्यातले काम. आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करत न्यायचे, की महिन्याभरात पिल्लू आपल्या पिसांवर राहू लागते.

उजेडाची कथा मात्र वेगळ्या वाटेने आली. दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी करते, हे खेड्यातही ठाऊक होते; दोष थंडीला जाई. दिवा लावला की अंडी वाढतात, असे अमेरिकेतल्या कुक्कुटपालकांना आढळले, तेव्हा पक्षी जास्त वेळ खातात म्हणून असे होते, अशी समजूत होती. १९२०च्या दशकात कॅनडातल्या एडमंटनमध्ये विल्यम रोवन याने उघड्या पिंजऱ्यांतल्या रानपक्ष्यांना गोठवणाऱ्या हिवाळ्यात रोज थोडाथोडा जास्त वेळ दिव्याखाली ठेवले. भोवती बर्फ असतानाही त्यांची जननेंद्रिये वसंतातल्यासारखी वाढली. म्हणजे काम उजेडाचे होते, उबेचे नव्हे. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेन्वा याने बदकांवर दाखवले की उजेड डोळ्यांवाचून, कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो. डिसेंबरात पुण्याचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा तास लागतात. उरलेले पाच तास दिव्याने भरायचे. वाढत्या तलंगेचा उजेड वाढवायचा नाही आणि अंड्यावर आलेलीचा कमी करायचा नाही, हा नियम तिथूनच आला.

पुणे परिसरात हे ज्ञान मुळा नदीकाठी, दापोडीच्या अलीकडे खडकीला असलेल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणांहून पसरले. १९६० साली वीज मंडळ झाले, तारा गावोगाव पोचू लागल्या. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी सुरू केली. परसातली कोंबडी हजारांच्या शेडमध्ये गेली. तिथे राज्य केले साध्या पिवळ्या बल्बने. त्याला दिलेल्या विजेचा जेमतेम विसावा हिस्सा उजेड होतो, बाकी सारी उष्णता. घरात हा दोष, शेडमध्ये तोच गुण. पिल्लामागे दोन वॅट, हा हिशेब कुठलाही शेडवाला तोंडपाठ सांगतो.

मग भारनियमन आले. २००६ साली उद्योगांनी आपले जनरेटर चालवावेत आणि वाचलेली वीज पुणे व पिंपरी-चिंचवडला मिळावी, अशी तोड निघाली. शहराची चिंता मिटली; शीव ओलांडल्यावर खेड्यांतले शेड रात्री अंधारातच राहिले. दिवे गेले की पिल्ले घाबरून कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. म्हणून कोळशाची शेगडी परत आली, मागोमाग गॅसचे ब्रूडर आले. करारावर मांसासाठी वाढवलेल्या ब्रॉयलरमध्ये, म्हणजे गावच्या भाषेत बॉयलरमध्ये, पिल्ले आणि खाद्य कंपनीचे असते. उबेचा खर्च मात्र शेतकऱ्याचा. मला हे न्याय्य वाटत नाही. खर्च वाचवायला तो पडदे घट्ट बांधतो, अमोनिया कोंडतो, प्राणवायू कमी पडतो आणि थंडीत आधीच धाप लागलेल्या पक्ष्याच्या पोटात पाणी होते.

आता पिवळा बल्ब दुकानांतून दिसेनासा होत आहे. एलईडी उजेड देतो, पण त्याखाली हात धरला तर तळवा गारच राहतो. ऊब गॅसकडे गेली, उजेड दिव्याकडे; कंदिलाने घातलेली गाठ सुटली. आता पहिले काही दिवस तेवीस तास उजेड आणि एक तास अंधार ठेवतात, वीज गेलीच तर पिल्लांना त्याची सवय असावी म्हणून. त्या तासाला शेडवाला बटण खाली करतो. शेडभर चिवचिवाट उसळतो, विरतो. गॅसची निळी ज्योत तेवढी उरते आणि तिच्याभोवती पिल्ले माना तुसात टेकवून, एकमेकांना अंग लावून झोपतात.