दातांतील फिलिंगचा टिकाऊपणा
दातातली कीड कोरून काढल्यावर उरलेला खड्डा ज्या द्रव्याने बुजवतात ते किती वर्षे टिकेल, हे द्रव्याइतकेच दात आणि फिलिंग यांच्यामधल्या सांध्यावर ठरते. बहुतेक फिलिंग झिजून संपण्याच्या आधीच कडेला उघडे पडते. केसाहून बारीक फटीतून लाळ आणि जंतू आत शिरतात व खाली पुन्हा कीड लागते. फिलिंग किंवा दाताची भिंत तडकणे हे दुसरे मोठे कारण.

लोक ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात ते अमाल्गम म्हणजे साधारण निम्मा पारा आणि उरलेली चांदी, कथील व तांबे. ते दाताला चिकटत नाही. त्यामुळे खड्डा आत रुंद, तोंडाशी अरुंद कोरून ते अडकवावे लागते, आणि त्यात थोडा निरोगी दातही जातो. मात्र त्याच्या गंजाचे क्षार कडेच्या फटीत साचून ती आपोआप बुजत जाते. दाढेत अमाल्गम दहा-पंधरा वर्षे, पुष्कळदा त्याहूनही जास्त टिकते. ते मागे पडले ते पाऱ्यामुळे : 2013च्या मिनामाता कराराने वापर घटवायला सांगितला आणि युरोपीय संघाने 2025पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडून, तो थांबवला.

त्याची जागा घेणारे कॉम्पोझिट राळेचे आणि दाताच्या रंगाचे असते. आम्ल लावून खरखरीत केलेल्या दंतवल्काला (दाताच्या बाहेरच्या कठीण थराला) राळ घट्ट धरते, हे मायकेल बुओनोकोर यांनी 1955मध्ये दाखवले. राफेल बोवेन यांनी 1962मध्ये आजच्या राळेचा पाया घातला. ही राळ कडक होताना दोन-तीन टक्क्यांपर्यंत आकसते आणि सांध्यावर ताण येतो. म्हणून ती सुमारे 2 मिमीच्या थरांनी भरून प्रत्येक थरावर निळा प्रकाश देतात. दंतवल्काशी जुळलेला सांधा वर्षानुवर्षे टिकतो. आतल्या डेंटिनशी जुळलेला मात्र पाण्याने आणि विकरांनी हळूहळू कुजतो, त्यामुळे हिरडीखाली उतरलेली कड आधी सुटते. आम्ल लावून तयार केलेल्या पृष्ठभागावर लाळ आली, तर उत्तम कॉम्पोझिटही वाया जाते. दात कोरडा राखण्यासाठी रबराचा पडदा बसवायला दंतवैद्याने दिलेली पाच मिनिटे महागड्या ब्रँडपेक्षा मोलाची आहेत.

‘सिमेंट’ म्हणून ओळखले जाणारे ग्लास आयोनोमर विल्सन आणि केंट यांनी ब्रिटनमध्ये 1970च्या सुमारास विकसित केले. ते दाताशी रासायनिक बंधाने जुळते आणि फ्लोराइड सोडते, पण दाढेच्या दाबाखाली झिजते. दुधाच्या दातांना आणि हिरडीलगतच्या खड्ड्यांना ते योग्य.

रात्री दात खाण्याची सवय, सतत गोड खाणे आणि खड्ड्याचा मोठा आकार यांमुळे कोणतेही फिलिंग लवकर निकामी होते. जुने फिलिंग पूर्ण काढताना खड्डा दर वेळी थोडा वाढतो, भिंती पातळ होतात आणि अखेर कॅप बसवण्याची वेळ येते. त्यामुळे नुसती कड काळवंडली म्हणून फिलिंग बदलणे चुकीचे आहे. कोपरा तुटला असेल आणि खाली कीड नसेल, तर तेवढाच भाग कोरून नव्याने भरता येतो.