कोरड्या भूमीवरील अवकाशकेंद्रे : एका वास्तुविचाराचा मागोवा

अवकाशाशी संबंधित केंद्रे ओसाड, कोरड्या प्रदेशात वसविण्याची प्रथा जगात अनेक ठिकाणी दिसते, कारण तेथे आकाश वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र असते, वस्ती विरळ असल्याने अपघाताची झळ फारशा लोकांना पोहोचत नाही आणि जमीनही सलग मिळते. परंतु ज्या गुणांसाठी अशी भूमी निवडली जाते तेच इमारतीच्या मुळावर येतात, कारण दिवसा ऊन थेट कोसळते, रात्री तीच उष्णता भराभर आकाशात निघून जाते आणि आडोसा नसल्याने धूळ थेट आत शिरते. इमारत भूदृश्यात मिसळून टाकण्याचा विचार आज बहुधा सौंदर्यदृष्टी म्हणून मांडला जातो, पण त्याचा इतिहास पाहता तो ऊन, उजेड आणि जुन्या वाटा यांच्याशी केलेल्या तडजोडींतून घडलेला दिसतो.

भारतातील अवकाशसंशोधनाचा आरंभ गुजरातेत झाला, आणि तेथे हवामान थोड्या अंतरात फार बदलते. सुरत जिल्ह्यातील चलथाण या सहकारी साखर कारखान्याच्या गावी पाऊस चांगला पडतो. उत्तरेस अहमदाबादकडे जाताना तो कमी होत जातो आणि कच्छच्या रणात अगदीच तुटपुंजा उरतो. चलथाण ज्या लोहमार्गावर आहे तो पूर्वेस खानदेशात जातो, आणि तेथील धाब्याची घरे या साऱ्या विषयाची किल्ली ठरतात. लाकडी सऱ्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छत आणि हात-दीड हात जाडीच्या भिंती दिवसभराचे ऊन सावकाश शोषतात व ते रात्री उशिरा बाहेर टाकतात, त्यामुळे दुपारी आतली खोली थंड राहते. जड पदार्थाच्या या गुणाला वास्तुशास्त्रात उष्माधारणा म्हणतात, आणि पुढे ज्या इमारतींचा उल्लेख येतो त्यांतील बहुतेकींचे गणित त्यावरच बसविलेले आहे.

अवकाशसंशोधनाचा तो आरंभ असा झाला: विक्रम साराभाई यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली, ती आरंभी एका महाविद्यालयातील थोड्या खोल्यांत चालत असे. नवरंगपुऱ्यातील स्वतंत्र इमारतीची कोनशिला १९५२ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी बसविली आणि १९५४ मध्ये जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. या इमारतीचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हे कोकणातील आचऱ्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात क्लॉड बॅटली यांच्या हाताखाली शिकून ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत गेले आणि तेथून सरकारने त्यांना हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडे धाडले. ग्रोपियस यांच्या परंपरेतील अलंकारविरहित, काटकोनी रचना त्यांनी अहमदाबादेत आणली. ही इमारत भूमीत मिसळण्याचा आव आणत नाही, आणि तिला तसा दोष देण्यातही अर्थ नाही, कारण नव्या राष्ट्राच्या विज्ञानाला तेव्हा लपायचे नव्हते, दिसायचे होते. कानविंदे यांची पुढची वाटचाल मात्र बोलकी आहे: १९७० च्या दशकात उत्तर गुजरातेतील मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी यंत्रांची उष्णता वर खेचून बाहेर सोडणारी उंच धुराड्यांसारखी वायुविजन-शिखरे उभारली आणि इमारतीचे रूप त्या शिखरांवरूनच ठरू दिले.

गुजरातेत जमिनीच्या पोटात शिरण्याची परंपरा याहून फार जुनी आहे. अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी विहीर, १४९९ मध्ये पुरी झाली. तिचे पाच मजले सगळे जमिनीखाली आहेत आणि प्रत्येक मजल्यागणिक हवा थंड होत जाते. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या सुमारास अहमदाबादेत ‘संगाथ’ हे स्वतःचे कार्यालय बांधताना ते अर्धे जमिनीत उतरविले, वर कमानदार छते घातली आणि ऊन परतवून लावण्यासाठी त्यांवर फुटक्या चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर बसविला. हे अवकाशकेंद्र नव्हे; पण अर्धे जमिनीत आणि अर्धे छताखाली असे जे सूत्र नंतर परदेशातील अवकाशकेंद्रांत नवे म्हणून गाजले, ते येथे आधीच पूर्णपणे उतरलेले होते.

चिलीच्या अटाकामा वाळवंटात, पारानाल डोंगरावरील दुर्बिणींच्या कर्मचाऱ्यांसाठी, युरोपीय दक्षिण वेधशाळेने २००२ मध्ये खुले केलेले निवासस्थान जर्मनीच्या आउअर आणि वेबर या वास्तुसंस्थेने जमिनीच्या एका नैसर्गिक खळग्यात बसविले. त्यातील काँक्रीटमध्ये लोहाचे ऑक्साइड मिसळून त्याला भोवतालच्या मातीचा तांबूस रंग दिला, आणि मधोमध ३५ मीटर व्यासाच्या घुमटाखाली बाग व जलाशय ठेवला, जेणेकरून अतिशय कोरड्या हवेत राहणाऱ्यांना थोडा ओलावा मिळावा. येथे लपण्याचे खरे कारण प्रकाश होता: खिडकीतून बाहेर पडणारा उजेडही दुर्बिणींच्या निरीक्षणात अडथळा आणतो, म्हणून रात्री हा घुमट आतून झाकावा लागतो.

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तेथील होर्नादा देल मुएर्तो हे सुमारे १४५ किलोमीटर लांबीचे निर्जल पठार मेक्सिकोहून उत्तरेस जाणाऱ्या स्पॅनिश राजमार्गाचा सर्वांत कठीण टप्पा होते, आणि १५९८ मध्ये हुआन दे ओन्याते यांचा वसाहतीसाठी निघालेला तांडा याच वाटेने गेला. १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुस्फोट या पठाराच्या उत्तर भागात झाला, आणि युद्धात हस्तगत केलेली जर्मन व्ही-२ अग्निबाण-क्षेपणास्त्रे पुढच्या वर्षापासून शेजारच्या व्हाइट सँड्सच्या तळावर उडविली गेली. या तळामुळे वरचे आकाश नागरी विमानांस बंद होते, आणि २००५ च्या अखेरीस राज्यपाल बिल रिचर्डसन व उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी सहली-उड्डाणांचा अंतराळतळ येथे उभारण्याची घोषणा करण्यामागे ते मोठे कारण होते. खर्च वीस कोटी डॉलरांहून अधिक झाला, तो जनतेच्या पैशातून, आणि त्यासाठी दोन जिल्ह्यांच्या मतदारांनी विक्रीकरात वाढ मान्य केली.

नॉर्मन फोस्टर यांच्या संस्थेने आखलेली या अंतराळतळाची, म्हणजे ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ची, मुख्य इमारत पश्चिमेकडून पाहता मातीचा सौम्य उंचवटा वाटते, कारण त्या बाजूच्या कार्यालयांवर मातीचे भरावच चढविलेले आहेत. आत जाण्याची वाट जमिनीत खोदलेल्या खोल चरातून जाते, मधल्या भागात दोन मजली उंचीचे यानगृह आहे, आणि पूर्वेची बाजू धावपट्टीकडे तोंड करून मोठ्या काचांनी उघडी ठेवली आहे. बाहेरची हवा जमिनीखालील नळ्यांतून फिरवून आधीच थंड करून घेण्याची योजनाही तीत आहे. भराव घालण्याच्या निर्णयात उष्णतेइतकाच कायद्याचाही वाटा होता: स्पॅनिश राजमार्ग २००० मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक मार्ग ठरला होता, आणि संघराज्याचा परवाना देताना अशा वारशावर होणाऱ्या परिणामांचा विचार करणे १९६६ च्या कायद्याने बंधनकारक होते. जुन्या वाटेवरून चालणाऱ्याला नवी इमारत खुपू नये, ही येथे वास्तुरचनेची एक अट झाली.

तरीही ‘मिसळून जाणे’ हा शब्द येथे एका बाजूपुरताच खरा आहे, असे म्हणावे लागते. इमारतीसमोर १२,००० फूट लांबीची काँक्रीटची धावपट्टी सरळ रेषेत पडलेली आहे, ती कोणत्याही भरावाखाली झाकता येत नाही, आणि अंतराळतळाला वीज, पाणी व रस्ते पुरविल्याच्या खुणाही पठारावर उघड दिसतात; प्रसिद्धीची छायाचित्रे मात्र बहुधा छताच्या वक्राकारावरच खिळून राहतात. इमारतीचे लोकार्पण ऑक्टोबर २०११ मध्ये झाले, पण येथून मानवासह पहिले अवकाश-उड्डाण मे २०२१ मध्ये आणि पहिले व्यापारी उड्डाण जून २०२३ मध्ये झाले, आणि जून २०२४ च्या उड्डाणानंतर ‘युनिटी’ या यानाला निवृत्त करून ब्रॅन्सन यांच्या कंपनीने नव्या यानांच्या बांधणीसाठी उड्डाणे थांबविली.