वाक्यांतर्गत गणितचिन्हांची जुळणी आणि तिची आज्ञाभाषा

गणिती ग्रंथात सूत्रे दोन ठिकाणी येतात. काही स्वतंत्र ओळीत मांडली जातात. काही वाक्याच्या ओघातच येतात. मुद्रणाची खरी कसोटी दुसऱ्या प्रकारात लागते, कारण अंश आणि छेद एकाखाली एक आले की ओळींमधील अंतर बिघडते. एकोणिसाव्या शतकात डी मॉर्गन यांनी अपूर्णांकासाठी तिरपी रेघ सुचविली आणि स्टोक्स यांनी १८८० मध्ये आपल्या संकलित निबंधांत ती वापरली, ती याच अडचणीमुळे. जुळाऱ्याच्या सोयीसाठी लेखनचिन्हच बदलले, ही गोष्ट लिपीच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९७५ साली बेल प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी गणितजुळणीच्या एका संगणकीय भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. गणित जसे मोठ्याने वाचले जाते तसेच ते टंकित करावे, हे तिचे सूत्र होते: ‘एक्स सब आय’, ‘ए ओव्हर बी’. द्विमितीय मांडणी एका ओळीत उतरविण्यासाठी त्यांनी बोलीतलाच पदक्रम घेतला. मराठीतही आपण ‘अ छेद ब’ असेच म्हणतो.

१९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांना आपल्या संगणनविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची मुद्रिते मिळाली. शिशाच्या खिळ्यांऐवजी प्रकाशजुळणीने केलेले ते काम त्यांना इतके निकृष्ट वाटले की त्यांनी ‘टेक’ ही जुळणीप्रणाली स्वतःच रचावयास घेतली. त्यापूर्वी त्यांनी १९१० च्या सुमाराचे ‘आक्टा मॅथेमॅटिका’चे अंक बारकाईने तपासले. निष्णात जुळाऱ्याच्या हाती असलेले, परंतु सहसा शब्दांत न मांडलेले ज्ञान त्यांना नियमबद्ध करावयाचे होते.

टेकमध्ये वाक्यातील सूत्र दोन डॉलरचिन्हांमध्ये लिहितात. गणिताची जुळणी महाग पडते, म्हणून हे चिन्ह निवडले, असा कनूथ यांचा मिस्कील खुलासा आहे. या चिन्हांच्या आत लेखकाने सोडलेल्या मोकळ्या जागा यंत्र सरळ दुर्लक्षिते. अंतर ठरते ते चिन्हाच्या जातीवरून: साधे चिन्ह, क्रियाचिन्ह, संबंधचिन्ह, उघडता कंस, मिटता कंस, विरामचिन्ह इत्यादी. हा शब्दजातींचाच विचार होय. ‘अ उणे ब’ मधील उणेचिन्हाच्या दोन्ही बाजूंस जागा सुटते. तेच चिन्ह सूत्रारंभी आले की साधे चिन्ह ठरते आणि पुढील अक्षरास चिकटते. जात संदर्भावरून निश्चित होते, हे वैयाकरणाला नवे नाही. ओळ मोडावयाची झाल्यास तीही सामान्यतः संबंधचिन्हानंतर किंवा क्रियाचिन्हानंतरच मोडते.

‘ओव्हर’ ही आज्ञा टेकनेही स्वीकारली. परंतु अंश नेमका कोठून सुरू होतो हे तीत बाहेरच्या महिरपी कंसांवरून ओळखावे लागते. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘लाटेक’मध्ये (माहितीपुस्तक १९८६) आधी ‘फ्रॅक’, मग कंसांत अंश, मग कंसांत छेद असा क्रम आला. पदांच्या सीमा स्पष्ट झाल्या, पण असा क्रम बोलण्यात कोणी वापरीत नाही. मात्र लाटेकच्या मूळ व्याख्येत ‘फ्रॅक’ स्वतः ‘ओव्हर’च्याच आधारे सिद्ध केलेली आहे.