लोकल बोर्डापासून जिल्हा परिषदेपर्यंत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, ओव्या आणि यात्रेची वर्णने येतात, आणि ती मी आवडीने वाचते. यंदा मात्र जिल्हा परिषदेसारखा रुक्ष विषय घेतला आहे, त्याबद्दल भगिनींनी रागावू नये. मुलांची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, नळाचे पाणी, गावाकडे येणारा रस्ता, यांतली पुष्कळशी कामे तिथे ठरतात. ती कशी ठरतात हे घरातल्या पुरुषमंडळींनाच ठाऊक असावे, हे काही बरे नाही.

माझी आजी आमच्या शाळेला शेवटपर्यंत "बोर्डाची शाळा" म्हणत असे. हे बोर्ड म्हणजे डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड. त्याचे मूळ एका आण्यात आहे. १८६३ च्या सुमारास मुंबई सरकारने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली आणि १८६९ साली तिला कायद्याचे रूप दिले. तिला लोकल फंड म्हणत. त्यातले दोन भाग रस्त्यांसाठी व एक भाग शाळांसाठी. आणा शेतकऱ्याच्या घरचा, पण तो कुठे खर्चायचा हे कलेक्टरसाहेबांच्या हाताखालची कमिटी ठरवी. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनला निवेदन दिले, त्यात हेच दुखणे मांडले होते. कष्टकऱ्यांच्या पैशाने तिजोरी भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा झाला. जिल्ह्याला एक बोर्ड, तालुक्याला एक. काही सभासद निवडून आलेले, काही सरकारने नेमलेले. मत देण्याचा हक्क जमीनजुमला असलेल्यांनाच. अध्यक्षाच्या खुर्चीत पुन्हा कलेक्टरच! साहेब खुर्चीत बसलेले असताना खेड्यातला सभासद उठून किती बोलला असेल, याची कल्पना केलेली बरी. १९२३ च्या कायद्याने अध्यक्ष निवडून येऊ लागला आणि त्याच सुमारास प्राथमिक शाळांचा कारभारही बोर्डांकडे आला. तालुक्याची बोर्डे १९३८ साली बंद झाली.

बोर्डाचे सगळे काम ठरावाने चालते. आधी नोटीस निघते, तिच्याबरोबर विषयपत्रिका येते. सभेत गणपूर्ती पाहतात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करतात. मग एकेक विषय येतो. एकजण सूचक, एकजण अनुमोदक, कोणाची हरकत असल्यास मते मोजायची. शेवटी "आयत्या वेळचे विषय" असतात. हे शेवटचे फार नीट ऐकावे. सभासद चहाकडे डोळे लावून बसलेले असतात, आणि विषयपत्रिकेत जे कोणी आधी वाचलेले नाही ते अध्यक्षांच्या परवानगीने तिथे येऊन मंजूर होते.

परंतु मंजूर झाले म्हणजे झाले, असे समजू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले करावेत, असा तो ठराव. बोर्डांच्या विहिरीही त्यात आल्या आणि नगरपालिकांची तळीही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. तरी पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. त्यानंतर ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला तो ठरावच रद्द केला. केला तोही ठरावानेच. पुढे मुंबई हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पाणी भरणे हे आपल्या बायकांचे काम, म्हणून ही हकीकत मला नेहमी आठवते. तीन वर्षे कागदावर तळे खुले आणि घागर रिकामी.

स्वातंत्र्यानंतर वसंतराव नाईक यांच्या समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. कलेक्टर बाहेर राहिले, निवडलेला अध्यक्ष आला आणि अंमलबजावणीस मुख्य कार्यकारी अधिकारी आले. शिक्षण, आरोग्य, बांधकाम अशा समित्या झाल्या. स्त्रिया मात्र पुष्कळ वर्षे बोटांवर मोजण्याइतक्याच. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. बाई नावाची आणि कारभार नवऱ्याचा, असे लोक हसून सांगतात. असे घडते हे खरेच. पण सही तिची लागते, आणि सही करणारी कधी ना कधी वर काय लिहिले आहे ते वाचू लागते.

मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका झाल्या नाहीत, आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे विषय मांडणारा तोच, मंजुरी देणारा तोच. १८८४ ची खुर्ची परत आली म्हणा ना! निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो मे २०२५ मध्ये.

आपल्याला जवळची सभा ग्रामसभा. २००३ पासून तिच्याआधी बायकांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. काही ठिकाणी ती वहीतच होते. शिपाई घरोघर सह्या घेऊन जातो आणि आपण पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने करून देतो. इतिवृत्ताची प्रत मात्र २००५ च्या माहिती अधिकारामुळे दहा रुपयांच्या तिकिटावर अर्ज करून कोणालाही मागता येते.

ओळखीतल्या एका गावी शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार बसवण्याचा ठराव झाला होता, आणि दोन पावसाळे गेले तरी दार नव्हते. मोठ्या मुली दुपारी घरी येत त्या परत जात नसत. तिथल्या चौघींनी प्रत मागवली आणि पुढच्या सभेत ठराव क्रमांक व तारीख वाचून दाखवली. पंधरा दिवसांत दार बसले. आतली कडी अजून राहिली आहे; तिचा विषय आता पत्रिकेवर घेतला आहे.