दरमहा पंचवीस हजार

तुम्ही असोद्याचे. साल १७७३, शके १६९५. बहिणाबाईंचा या गावात जन्म व्हायला अजून शंभरावर वर्षं आहेत. रेल्वे नाही, केळीच्या बागांचा आजचा पसारा नाही. काळी जमीन आहे, ज्वारी आहे, कापूस आहे आणि घरात पाटीलकीचा तंटा आहे. चुलतभावाने अर्धा मान सांगितला. गोत जमलं, निवाड्याचा महजर झाला, तरी सरकारी कमाविसदाराच्या कचेरीत कागद पुढे सरकेना. तिथला कारकून तोंडाने काही मागत नव्हता, नुसता तुमच्याकडे बघत राहिला. तुम्ही समजलात आणि दिलंत. गावच्या कुलकर्ण्याने ती रक्कम वहीत चढवली, 'दरबारखर्च' या सदरात.

हे सदर मराठी मुलखातल्या गावोगावच्या जुन्या हिशेबांत सापडतं. वरच्यांना चोरून द्यायचं असेल तर 'अंतस्थ'. लाच लपवलेली नाही; तिला वहीत जागा आहे, आणि ती शेवटी सगळ्या गावाच्या पट्टीतूनच वसूल होते. म्हणून म्हातारा बाप म्हणाला, "आता पुन्यालेच जाय भो. तठी रामशास्त्री हाये. त्याले पैसा चालत नही."

पावसाळ्याआधी तुम्ही निघालात. गिरणा ओलांडून एरंडोल, पारोळा, मालेगाव. पुढे चांदवडच्या डोंगररांगेत धोडपचा किल्ला दिसला तेव्हा सोबतच्या गाडीवानाने हात करून दाखवलं. पाच वर्षांपूर्वी, १७६८ मध्ये, याच किल्ल्यापाशी थोरल्या माधवरावांनी आपल्या चुलत्याचा, रघुनाथरावांचा, पराभव केला होता आणि त्यांना पुण्यात नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं होतं. गाडीवानाला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. तुम्हालाही नाही. भाऊबंदकी तुमच्याही घरात होती.

पुण्यात पोचलात ते पाऊस पडता पडता. माधवराव आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात थेऊरला क्षयाने गेले. गादीवर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव आहे, वय अठरा. चुलता वाड्यातच आहे, पहाऱ्यात. तुमच्या तंट्याची तारीख लागायची आहे. तोवर पेठेत एका ओळखीच्याच्या ओसरीवर पथारी टाकायची आणि रोज न्यायाधीशांच्या दारी जाऊन बसायचं. इथे कोणी तुमच्याकडे नुसतं बघत राहत नाही. शास्त्रीबुवांच्या घरात एका दिवसाच्या शिध्यापेक्षा जास्त काही नसतं, असं लोक सांगतात.

पण बाजारात तुम्ही दुसरंही ऐकता. वाड्यावरचे गारदी पगारासाठी कुरकुरताहेत. गारदी म्हणजे कवायती पायदळ, फिरंगी पद्धतीने शिकवलेलं, पगारावर लढणारं. पानिपतावर इब्राहिमखानाच्या हाताखाली याच जातीच्या पलटणी मराठ्यांच्या बाजूने मेल्या होत्या. आता त्यांच्याकडे पेशव्याच्या दाराची राखण आहे. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ हे त्यांचे नाईक. ज्याच्या जिवाची राखण करायची त्याच्याकडेच बाकी थकली आहे. त्या थकबाकीवर कोणाची तरी नजर आहे.

सोमवार, ३० ऑगस्ट. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, गणपतीचे दिवस. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. काहीतरी शिजतंय याची कुणकुण त्याला लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत आधी जेवायला गेले. हरिपंत काही फितूर नव्हते, पुढे तेच या खुनाच्या विरोधात उभे राहिले. तरीही त्या एका जेवणाचा विचार मनातून जात नाही.

दुपारी एकच्या सुमाराला तुम्ही वाड्याजवळून चालला आहात. आरडाओरडा ऐकू येतो. सुरुवातीला वाटतं, पगाराचा दंगा. पाचएकशे गारदी आत घुसले आहेत. पळा. नाहीतर माझ्याबरोबर आत या, कारण बाहेर थांबलात तर उद्या तुम्हाला फक्त अफवा कळतील.

आत माणसं धावताहेत, कोण कुठे ते कळत नाही. वाटेत आलेला कारकून कापला गेला, वाटेत आलेली गाय कापली गेली. नारायणराव झोपेतून उठून पार्वतीबाईंच्या दालनाकडे पळतो. त्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, पानिपतानंतर बारा वर्षं नवऱ्याची वाट पाहणाऱ्या. त्या त्याला सांगतात, चुलत्याकडे जा. तो जातो. रघुनाथरावांना मिठी मारतो, जीव वाचवा म्हणतो. सुमेरसिंग मागोमाग येतो. तुळाजी पवार, रघुनाथरावांचा खासा नोकर, त्या पोराला पाय धरून ओढतो. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडतो. त्याच्यासकट तलवारी चालतात.

अर्ध्या तासात सगळं झालं. अकरा माणसं मेली, त्यांत दोन दासी होत्या. रात्री पेशव्याचा देह वाड्याच्या ज्या लहान दाराने बाहेर नेला, त्याला पुढे नारायण दरवाजा म्हणू लागले. चिता मुठेकाठी पेटली.

त्या रात्री ओसरीवर तुम्हाला झोप लागत नाही. तुम्हाला वाटतं, गारद्यांनी बंड केलं. पुण्यालाही सकाळी तसंच वाटावं अशी सोय आधीच केलेली होती. पगार थकला, सैनिक चिडले, हातघाई झाली. खुनाला याहून चांगला आडपडदा कोणता?

तुम्ही आजच्या काळातून आला आहात, म्हणून एक गोष्ट सांगतो. फिलिपाइन्सचा दिग्दर्शक एरिक मत्ती याने २०१३ मध्ये 'ऑन द जॉब' नावाचा चित्रपट केला. त्यात तुरुंगातले कैदी काही तासांसाठी बाहेर सोडले जातात, सुपारीचा खून करतात आणि परत कोठडीत येऊन बसतात. संशय येणार कोणावर? मारेकरी तर सरकारी कुलपाआड आहे. त्यांना बाहेर सोडणारे हात वर्दीतले आणि त्या हातांवरचे हात सत्तेतले. मला तो चित्रपट पाहताना सतत शनिवारवाडा दिसत राहिला. तिथे कैदी बाहेर जाऊन मारतो. इथे कैदी आतच बसून पहारेकऱ्यांकडून मारवतो. दोन्हीकडे कुलूप शाबूत राहतं.

इथे सुपारी होती, आणि ती लाखांत होती, वर किल्ले देण्याचं वचन. हे गारद्यांच्या रागातून झालं नव्हतं. व्यवहार ठरलेला होता, मध्यस्थ ठरलेले होते, वेळ ठरलेली होती. हे बाहेर काढलं ते ज्या माणसाच्या दारी तुम्ही रोज बसता, त्या रामशास्त्री प्रभुण्यांनी.

आता थोडं थांबा आणि त्यांची अवस्था बघा. पेशवा मेला. सत्ता ज्याच्या हातात आली त्या रघुनाथरावावरच संशय. न्यायाधीश त्याच्याच राज्यात नोकर. तुमचा पाटीलकीचा तंटा बाजूला पडला, ते ठीकच झालं. शास्त्रीबुवांनी दुसरा तंटा हातात घेतला होता. सहा आठवडे चौकशी चालली. जबान्या झाल्या, साखळी जोडली गेली. आणि शेवटी जी यादी तयार झाली तीत एकोणपन्नास जण होते.

ही यादी नीट वाचा, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भयंकर कागद तोच आहे. गारदी किती? तेरा. त्यांतले आठ हिंदू, पाच मुसलमान. उरलेले छत्तीस कोण? सव्वीस ब्राह्मण, तीन प्रभू, सात मराठे. म्हणजे तलवार चालवणारा एक, तर त्याच्यामागे कागद, निरोप, पैसा आणि मौन पुरवणारे जवळजवळ तीन. वाड्यातले कारभारी, कारकून, खासगीतले नोकर. तुमच्या कमाविसदाराच्या कचेरीत नुसता बघत राहणारा तो कारकून आठवतो? तो या यादीत नाही. पण ज्या यंत्रणेत काम करून घ्यायला पैसा लागतो, त्या यंत्रणेत एक दिवस खूनही पैसे देऊन करून घेता येतो. तिच्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि कोणीच काही पाहिलेलं नसतं. गारदी वाड्यावर बाहेरून येऊन पडले नव्हते. त्यांना दार आतून उघडं मिळालं.

हुकुमातल्या 'धरावे'चं 'मारावे' रघुनाथरावांची बायको आनंदीबाई हिने केलं, ही कथा तुम्ही शाळेत ऐकली आहे. रघुनाथरावांनी शास्त्रीबुवांपुढे एवढंच कबूल केलं की पुतण्याला पकडण्याचा हुकूम माझा होता. उरलेलं पाप एका बाईच्या लेखणीवर टाकून दिलं की पुरुषाचं ओझं हलकं होतं, आणि अडीचशे वर्षं आपण ते हलकं करत आलो आहोत. सिद्ध न झालेली ही गोष्ट नाटक-कादंबऱ्यांनी आपल्या डोक्यात पक्की बसवली. शास्त्रीबुवांनी दोष दिला तो रघुनाथरावांना.

रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की या पापाला देहान्तच आहे. आणि हे सांगून रामशास्त्र्यांनी पद सोडलं, वाईजवळच्या पांडववाडीला निघून गेले. तुमच्या कागदावर त्यांची सही झाली नाही. परत असोद्याला जाऊन बापाला काय सांगायचं? सांगा की जो माणूस विकत घेता आला नाही, तो पाहिला.

पुढचं भराभर बघू. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत यांनी रघुनाथरावाविरुद्ध बारभाईंचा कट केला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या, त्यांना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला तिथे सवाई माधवराव जन्मला. रघुनाथराव पळत सुटला तो उत्तरेला, बऱ्हाणपुराच्या दिशेने. बऱ्हाणपूर म्हणजे तुमच्या असोद्यापासून फार लांब नाही. त्या वर्षी फौजांच्या वाटेवरच्या शेतांचं काय झालं असेल ते खानदेशी माणसाला वेगळं सांगायला नको.

मग मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्याने इंग्रजांशी तह केला. फौज द्या, मला गादी द्या. त्याबदल्यात साष्टी आणि वसई घ्या. आधी पुतण्याच्या पहारेकऱ्यांना पैसे दिले होते, आता मुलूख देऊन दुसरी पलटण भाड्याने घेतली. त्यातून जे युद्ध पेटलं ते सालबाईच्या तहापर्यंत, १७८२ पर्यंत, चाललं.

आणि आता हिशेब. तुळाजी पवार आणि खरकसिंग हैदरअलीच्या आश्रयाला गेले होते. हैदरने त्यांना पुण्याच्या हवाली केलं आणि त्यांना हालहाल करून मारलं. महंमद युसूफही पकडला गेला, मारला गेला. ज्यांनी तलवार धरली ते असे गेले. आणि ज्याच्यासाठी धरली? सालबाईच्या तहात रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. ११ डिसेंबर १७८३ ला ते कोपरगावला, गोदावरीच्या काठी, अंथरुणावर वारले.

आता शनिवारवाड्यापाशीच उभे राहा आणि फक्त साल बदला. २० ऑगस्ट २०१३. सकाळची वेळ. वाड्यापासून पायी दहा मिनिटांवर ओंकारेश्वराजवळचा महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले आहेत. दोघे येतात, गोळ्या झाडतात, निघून जातात. हा खून गारद्यांसारखा पैशासाठी झालेला नाही, कारण वेगळं आहे. पण प्रश्न तोच राहतो, पाठवलं कोणी?

१० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. कटाचा मुख्य आरोप ज्यांच्यावर होता त्यांच्यासह तिघे पुराव्याअभावी सुटले. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की शिक्षा झालेले दोघे या खुनाचे सूत्रधार नाहीत. सूत्रधार दुसरेच कोणी आहेत, आणि पुणे पोलीस व सीबीआय त्यांच्यापर्यंत पोचू शकलेले नाहीत.

रामशास्त्र्यांना सहा आठवडे लागले होते, आणि तेव्हा आरोपी स्वतः राज्य करत होता. असोद्याहून पुण्याला जाल तेव्हा शनिवारवाडा जरूर बघा. मग त्या पुलापर्यंत चालत जा, आणि पाठवणाऱ्यांची नावं मागणं सोडू नका.